विदर्भाच्या शिवारात दृक्प्रत्ययवादी तैलचित्रांचे विषय कसे शोधावेत

गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी राहून तैलरंगात काम करू पाहणाऱ्या तरुणांकडून एक प्रश्न हमखास येतो: आपल्याकडे रंगवण्यासारखे आहे तरी काय? समुद्र नाही, बर्फाचे डोंगर नाहीत, गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले रोज जाण्याइतके जवळ नाहीत, आणि मे महिन्यात तर नजर जाईल तिथवर उन्हाने तडकलेली काळी वावरे तेवढी उरतात. ज्या फ्रेंच दृक्प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) चित्रकारांना आदर्श मानून हा प्रश्न विचारला जातो, त्यांनी स्वतः काय रंगवले याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. क्लोद मोने यांनी १८९०-९१ मध्ये जिव्हेर्नी या खेड्यात घराशेजारच्या शेतातल्या धान्याच्या गंज्या रंगवायला घेतल्या आणि त्या एकाच विषयाची सुमारे पंचवीस चित्रे केली. कामीय पिसारो यांनी पाँत्वाझ परिसरातल्या भाजीच्या बागा, कोबीचे वाफे आणि शेतात राबणारी माणसे रंगवली. एदगार देगा यांनी इस्त्री करणाऱ्या बायका, तर ग्युस्ताव्ह कायबॉत यांनी १८७५ मध्ये घरातली लाकडी जमीन तासणारे मजूर रंगवले. यातला एकही विषय पाहायला कोणी तिकीट काढून जात नव्हते.

कायबॉत सोडून हे चित्रकार १८७४ मध्ये पॅरिसला छायाचित्रकार नादार यांच्या जुन्या स्टुडिओत प्रदर्शनासाठी पहिल्यांदा एकत्र आले. त्या प्रदर्शनात मोने यांनी १८७२ मध्ये रंगवलेले ल हाव्र बंदराचे चित्र होते, आणि त्याच्या शीर्षकातल्या ‘इंप्रेशन’ या शब्दावरून एका टीकाकाराने साऱ्या गटाला हिणवत जे नाव दिले तेच पुढे टिकले. चित्रात बंदर आहे, बोटी आहेत, माणसेही आहेत. पण चित्र आहे ते सूर्योदयाच्या त्या काही मिनिटांचे. दृक्प्रत्ययवादी चित्रकार वस्तू रंगवतो त्यापेक्षा त्या वस्तूवर त्या घडीला पडलेला प्रकाश रंगवतो, ही गोष्ट मनात पक्की झाली की विषय शोधण्याचा क्रमच बदलतो. आधी वेळ ठरवावी, मग जागा, आणि त्या जागेवर कोणती वस्तू आहे हा विचार शेवटी करावा. विदर्भातल्या खेड्यात हा क्रम प्रत्यक्षात कसा वापरायचा, ते पुढे सांगितले आहे.

आधी वेळ, मग जागा

घरापासून पायी दहा मिनिटांत पोचता येईल अशी एक साधी जागा निवडावी. पांदणीचे वळण, विहिरीचा काठ, गोठ्यामागची मोकळी जागा, शाळेची भिंत, काहीही चालेल. सुंदर जागा निवडण्याचा मोह टाळावा, कारण सुंदर जागेवर माणूस वस्तू पाहत राहतो आणि प्रकाशाकडे त्याचे दुर्लक्ष होते. त्या जागेवर रंगसाहित्य न नेता केवळ वही घेऊन जावे: एकदा सूर्य उगवल्यावर, एकदा सकाळी नऊच्या सुमारास, एकदा भर दुपारी आणि एकदा सूर्य मावळण्याआधी. प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहाव्यात. उजेड कोणत्या बाजूने येतो आहे. समोरच्या दृश्यात सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद काय आहे. सावलीचा रंग कोणता आहे. आणि डोळे मिटल्यावर कोणता रंग मनात राहतो. ‘छान दिसत होते’ अशी नोंद कामाची नाही. ‘कडुनिंबाची सावली जांभळट, तिच्या कडेची धूळ गुलाबी, गोठ्याचे टिनाचे छप्पर आभाळापेक्षा उजळ’ अशी नोंद महिनाभरानेही चित्र उभे करू शकते.

इथे एक भौगोलिक गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण परदेशी पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही. पॅरिस उत्तर अक्षांश ४९ अंशांच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे ऐन उन्हाळ्यातही सूर्य कधी डोक्यावर येत नाही आणि दुपारीदेखील वस्तूंना बाजूची सावली मिळते. नागपूर २१ अंशांवर आहे. मे महिन्याच्या अखेरीस इथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, झाडाची सावली झाडाखालीच गोळा होते, भिंतींना सावलीच राहत नाही आणि सगळे दृश्य सपाट, फिके दिसू लागते. उन्हाळ्यात म्हणूनच सकाळी साडेआठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर काम करावे. उलट डिसेंबर-जानेवारीत दुपारी बारालाही सूर्य क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर असतो, म्हणजे दिवसभर बाजूचा उजेड मिळतो. बाहेर बसून चित्र काढायला शिकणाऱ्याने सुरुवात हिवाळ्यात करावी असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे संधिप्रकाशही फार वेळ टिकत नाही. सूर्य बुडाल्यावर रंग घोटायला घेतले तर ते तयार होईपर्यंत अंधार पडतो. त्या वेळेसाठी लागणारे चार-पाच रंग आधीच कालवून ठेवावे लागतात.

सकाळचा एकसारखा उजेड फार तर अर्धा-पाऊण तास टिकतो. मोने एकाच वेळी अनेक कॅनव्हास हाताशी ठेवत आणि उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून दुसरा घेत. आपल्याला तेवढा पसारा नको, पण दोन लहान बोर्ड तरी बरोबर असावेत. पहिल्यावरचा उजेड सरला की हात थांबवावा. नव्या उजेडाच्या सावल्या जुन्या चित्रात घातल्या तर एकाच चित्रात दोन सूर्य दिसतात.

सावली जवळून पाहणे

खेड्यातल्या रोजच्या दृश्यांत सर्वांत समृद्ध विषय कोणता, असे कोणी विचारले तर मी पांढऱ्या भिंतीवर पडलेली सावली असे उत्तर देईन. चुन्यात थोडी नीळ घालून पोतलेली एखादी भिंत सकाळी नऊ वाजता पाहावी. तिच्यावर कवेलूच्या छपराच्या कडेची सावली पडलेली असते. प्रथमदर्शनी ती करड्या रंगाची वाटते. मग एका जाड पुठ्ठ्याला पेन्सिल जाईल एवढे भोक पाडावे आणि एक डोळा मिटून त्या भोकातून सावलीचा एकच तुकडा पाहावा. वरचा तुकडा निळसर दिसतो, कारण तिथे थेट ऊन पोचत नसले तरी आभाळाचा उजेड पोचतो. तसेच खाली येत गेले की सावली हळूहळू तपकिरी, नारिंगी होऊ लागते, आणि जमिनीपासून हातभर उंचीवर ती जवळजवळ पिकलेल्या कवठाच्या गराच्या रंगाकडे झुकते, कारण समोरच्या अंगणातल्या मातीवर पडलेले ऊन उसळून भिंतीवर येते. अंगण नुकतेच शेणाने सारवलेले असेल तर त्या उसळलेल्या उजेडात किंचित हिरवट छटा मिसळते. एकाच सावलीत तीन रंग सापडतात आणि त्यांतला एकही काळा नसतो. मोने यांनी १८६८-६९ च्या हिवाळ्यात रंगवलेल्या बर्फातल्या मॅगपाय पक्ष्याच्या चित्रात सावल्या निळ्या आहेत. ते निळेपण उघड्या आभाळाखालच्या बर्फाचे आहे. त्याची नक्कल करून आपल्या अंगणात सरसकट निळी सावली घातली तर ती खोटी दिसते. जमिनीवरची सावली आणि भिंतीवरची सावली वेगळी, हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी तपासावे.

हीच गोष्ट जनावरांच्या अंगावर दिसते. वर्धा जिल्ह्यातल्या गवळाऊ जातीचा पांढरा बैल उन्हात उभा असला की त्याच्या पाठीच्या वरच्या कडेवर आभाळ उतरते, बरगड्यांवर लोण्यासारखा पिवळा उजेड असतो आणि पोटाखाली मातीचा रंग चढलेला असतो. ‘बैल पांढरा’ हे ज्ञान विसरून केवळ हे तीन पट्टे रंगवले तर बैल आपोआप उभा राहतो. समोर झाड आहे की घर, हे विसरून दिसतील ते निळे-गुलाबी-पिवळे तुकडे तेवढे रंगवावेत, असा सल्ला मोने देत, आणि सरावासाठी याहून चांगला सल्ला मला माहीत नाही. डोळे किलकिले करून पाहिले की बारीक तपशील गळून पडतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे उरतात. ते चार-पाचच असतील आणि स्पष्ट असतील तर समोर चित्राचा विषय आहे, असे समजावे. पन्नास बारीक तुकडे दिसत असतील तर जागा थोडी बदलावी किंवा वेळ बदलून पाहावी.

शेजारच्या रंगाचा परिणामही लक्षात ठेवावा. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ मध्ये मांडून दाखवले की दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांचे रूप बदलतात. विरोधी रंग शेजारी असले तर दोन्ही अधिक प्रखर भासतात. भिवापूरकडच्या मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची पसरून देठ खुडण्याच्या जागेवर, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. उन्हात पसरलेली लाल मिरची नुसती पाहिली तर डोळा थकतो, पण तिच्या कडेला हिरव्या लुगड्यातली एखादी बाई देठ खुडत बसली की लाल रंग पेटून उठतो. चित्रात लाल अधिक लाल करायचा असेल तर त्यात आणखी लाल न ओतता शेजारी हिरव्याची एक फट ठेवावी.

शिवाराचे वर्ष

विषयांची वही ऋतूंप्रमाणे ठेवली तर वर्षभर विषय कमी पडत नाहीत, आणि शेतीचे कॅलेंडर ज्याच्या अंगात भिनलेले आहे त्याला शहरातल्या चित्रकारापेक्षा इथे मोठा फायदा आहे.

माघ-फाल्गुनात पानगळ झालेल्या रानात पळस फुलतो. पळसाचे चित्र बहुतेक वेळा फसते ते नारिंगी रंग झाडभर सारखा लावल्यामुळे. सकाळी झाडाच्या उन्हाकडच्या बाजूला नारिंगी असतो, पाठीमागच्या बाजूला तोच रंग विटकरी आणि जांभळट होतो, आणि फुलांच्या काळ्या मखमली देठांमुळे मधेमधे गडद ठिपके येतात. पाठीमागचे निळसर रान फिकट ठेवले तरच फूल पुढे येते. त्यानंतर मोह. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ती वेचायला माणसे उजाडण्याआधी झाडाखाली येतात. फिकट पिवळसर फुलांचा सडा, करड्या उजेडातल्या वाकलेल्या आकृत्या आणि टोपल्या, एवढ्यात चित्र पुरे होते. फुले सरली की मोहाला तांब्यासारखी पालवी फुटते, तीही सोडू नये.

मे महिना अनेकांना चित्रासाठी वैराण वाटतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, नवतप्यात, म्हणजे सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. पण याच महिन्यात भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे तेंदूपत्त्याचे पुडके फळीवर (पत्ता गोळा करण्याच्या मोकळ्या जागेवर) ओळीने वाळत पडलेले असतात आणि त्यांचा ताजा हिरवा दिवसागणिक खाकी होत जातो. तो बदल रोज एका लहान बोर्डावर नोंदवण्यासारखा आहे. नांगरलेले काळे वावर संध्याकाळी आडव्या उन्हात पाहिले तर प्रत्येक ढेकळाची एक बाजू तांबूस आणि दुसरी गर्द निळी असते. ‘काळी माती’ असे आपण म्हणतो, पण पॅलेटवर काळा रंग घेऊन ती कधी साधत नाही.

पावसाळ्यात झडी लागली की बाहेर बसता येत नाही, तरी विषयांची रेलचेल तेव्हाच असते. ओल्या काळ्या मातीवर साचलेल्या पाण्यात आभाळ उतरते आणि जमीन आभाळापेक्षा थोडीच गडद राहते. पूर्व विदर्भात रोवणीच्या दिवसांत बांध्यांमध्ये पाणी भरलेले असते. परे (धानाची रोपे) लावणाऱ्या बाया रांगेने वाकलेल्या, त्यांच्या लुगड्यांचे रंग पाण्यात उलटे पडलेले, आणि धुऱ्याची (बांधाची) हिरवी रेघ मधून गेलेली. प्रतिबिंब रंगवताना एक नियम उपयोगी पडतो: पाण्यातली उजळ वस्तू प्रत्यक्षापेक्षा थोडी गडद आणि गडद वस्तू थोडी उजळ दिसते. पूर आलेला असेल तर उंच, सुरक्षित जागेवरूनच पाहावे. आल्फ्रेद सिस्ले यांनी १८७६ मध्ये पोर-मार्ली इथला पूर रंगवला तेव्हा त्यांनी हाहाकार न दाखवता पाण्यात उभे असलेले घर आणि त्यावरचे शांत आभाळ दाखवले. वैनगंगा किंवा वर्धा नदीचे पसरलेले पाणी पाहताना ही चित्रे आठवणे स्वाभाविक आहे.

मामा (माजी मालगुजारी) तलावांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापासूनचे आणि त्याआधी कोहळी समाजाने बांधलेले हजारो तलाव आहेत. मोने यांनी आयुष्याची शेवटची सुमारे तीस वर्षे स्वतःच्या बागेत खोदलेल्या एका तळ्यातली कमळे रंगवण्यात घालवली आणि त्यांची जवळपास अडीचशे चित्रे झाली. आपल्याकडे कित्येक गावांच्या सीमेवर असा तलाव आयता आहे. त्याच्या पाळीवर बसून आभाळ चौकटीतून पूर्ण वगळावे आणि केवळ पाण्याचा पृष्ठभाग घ्यावा: काठाजवळ तळाची तपकिरी माती दिसते, मधल्या भागात झाडांची हिरवी प्रतिबिंबे, आणि पलीकडे आभाळाचा पट्टा. शिंगाड्याच्या पानांचे गोल तुकडे जवळ मोठे आणि दूर जाताना आडवे, बारीक होत जातात, आणि चित्राला खोली त्यांनीच मिळते. महाराष्ट्रातही एकाच पाण्याकडे परतून येण्याची परंपरा आहे. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला.

दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. फुटलेल्या कापसाचे वावर रंगवताना ट्यूबमधला शुद्ध पांढरा रंग अगदी शेवटी, अगदी थोड्या ठिकाणी वापरावा. उन्हातला कापूस पिवळट सायीच्या रंगाचा असतो, सावलीतला निळा-जांभळा, आणि त्याला उठाव येतो तो वाळलेल्या बोंडाच्या गर्द तपकिरी पाकळ्यांमुळे. पऱ्हाटीची पाने काही ठिकाणी लाल पडलेली दिसतात आणि चित्रकाराला तो लाल रंग मोहात पाडतो. मात्र तो लाल्या रोग आहे, ज्याचे वावर आहे त्याचे त्यात नुकसान आहे, हे माहीत असलेल्या चित्रकाराने तो रंग लावावा जरूर, पण वावराच्या मालकासमोर त्याचे कौतुक करू नये.

रब्बीत जवस फुलतो. तैलरंग ज्या तेलात घोटलेले असतात ते बहुतेक वेळा जवसाचेच, त्यामुळे या पिकाशी तैलचित्रकाराचे नाते जुने आहे. जवसाचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळू लागतात; निळ्या वावराचे चित्र काढायचे असेल तर सकाळीच जावे लागते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा याच काळात रंगतात. संत्रे रंगवताना फळे मोजत बसू नये; गर्द हिरव्या अंधारात उन्हाचे कवडसे पडतील तेवढीच फळे नारिंगी दिसतात, बाकीची हिरव्यात बुडालेली असतात. धानाच्या पट्ट्यात मळणीआधी पुंजणे (कापलेल्या धानाचे रचलेले ढीग) उभे राहतात, इतरत्र कडब्याच्या गंज्या आणि कुटाराचे ढीग. मोने यांच्या गंज्यांची मालिका समजून घ्यायची असेल तर छापील चित्रे पाहण्याबरोबर एखादा पुंजणा पहाटेच्या धुक्यात, दुपारी आणि सूर्य त्याच्या पाठीमागे गेल्यावर पाहावा. सूर्य पाठीमागे असताना पुंजणा निळा-जांभळा होतो आणि त्याची कड तेवढी सोन्यासारखी पेटते.

माणसे, बाजार आणि परवानगी

आठवडी बाजारात रंगसाहित्य मांडून बसणे शक्य नसते आणि योग्यही नाही, कारण तिथली प्रत्येक हातभर जागा कोणाच्या तरी पोटापाण्याची असते. बाजारात वही न्यावी आणि एकेका रंगसंबंधाची नोंद करावी: निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळसर होतो, पिवळ्या ताडपत्रीखाली वांग्यांचा जांभळा मातकट होतो. ताडपत्रीच्या भोकांतून भाजीवर पडणारे कवडसे हा तर या शैलीसाठीच घडलेला विषय आहे. घरी येऊन त्याच दिवशी लहान बोर्डावर ते रंग उतरवावेत. दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते.

वावरात काम करणाऱ्या माणसांना रंगवायचे असेल तर आधी विचारावे. ‘मावशी, इथं धुऱ्यावर बसून चित्र काढू का?’ एवढे पुरे असते. बहुतेक वेळा ‘काय काढून राहिले भाऊ?’ असे म्हणत तीच माणसे पाठीमागे येऊन उभी राहतात, आणि आपल्याला न दिसलेली गोष्ट त्यांना दिसते, कारण त्या वावराचा उजेड ते वर्षानुवर्षे पाहत आलेले असतात. नकार आला तर मुकाट्याने जागा बदलावी. पिसारो यांच्या चित्रांतली शेतकरी माणसे दीनवाणी नाहीत आणि शोभेचीही नाहीत, ती कामात आहेत. हा समतोल साधायचा असेल तर माणसाचा चेहरा घडवण्यापेक्षा त्याच्या कामाचा बाक, खांद्याचा कल आणि डोक्यावरचा शेला यांवर लक्ष ठेवावे. आकृती अंगठ्याएवढी असेल तर तीन-चार फटकाऱ्यांत ती पुरी होते.

घर न सोडता

बाहेर जाऊन बसण्याची मोकळीक सगळ्यांना नसते, विशेषतः गावातल्या मुलींना आणि सुनांना. त्यामुळे विषय संपत नाहीत. बर्त मोरिसो यांनी १८७२ मध्ये पाळण्याशेजारी बसलेली आपली बहीण रंगवली आणि ते चित्र १८७४ च्या प्रदर्शनात होते. डोळ्यांच्या दुखण्यामुळे बाहेर काम करणे कठीण झाल्यावर पिसारो खिडकीत बसून रंगवू लागले आणि १८९७ मध्ये त्यांनी हॉटेलच्या खोलीतून दिसणारा मोंमार्त्र रस्ता वेगवेगळ्या हवामानांत चितारला. सरकलेल्या कवेलूच्या फटीतून चुलीच्या धुरात उतरणारा उजेडाचा पट्टा, दांडीवर वाळणाऱ्या लुगड्यातून गाळून आलेला रंगीत उजेड, घासून पालथ्या घातलेल्या पितळी गुंडावर उमटलेले अंगण, खाटेवर वाळत घातलेल्या कुरड्या: हे सारे उंबरठ्याच्या आतले विषय आहेत आणि त्यांची वेळही रोज ठरलेली असते, म्हणून दररोज थोडे थोडे काम करता येते.

साहित्य आणि उन्हातले काम

साहित्य कमी असावे. आठ बाय दहा इंचांचे हार्डबोर्डचे तुकडे, त्यांवर पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवलेला मांजरपाट आणि त्यावर जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, म्हणजे प्राइमरचे) दोन-तीन हात एवढ्यावर चांगला सराव होतो. प्राइम न केलेल्या कापडावर तैलरंग लावू नये. तेल धाग्यात शिरते आणि काही वर्षांत कापड ठिसूळ होते. रंग सहा-सात पुरेत: टायटॅनियम व्हाइट, लेमन येलो, येलो ऑकर, एक नारिंगीकडे झुकणारा लाल, अॅलिझरिन क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि व्हिरिडियन. काळ्याची ट्यूब घरी ठेवावी; क्रिमसन आणि व्हिरिडियन मिळून जो गडद रंग होतो तो गरजेप्रमाणे लालसर किंवा हिरवट करता येतो. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड यांनी पिळून वापरायच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले आणि रंग घेऊन शेतात जाऊन बसणे चित्रकारांना सोपे झाले. ती सोय आज तालुक्यातही मिळते.

रंग बोर्डावर जाडसर लावावा, खालचा ओला असतानाच शेजारी दुसरा ठेवावा आणि ब्रशने घोटू नये. दोन रंग बोर्डावर सतत घासले की दोन्ही मळतात. आपल्याकडच्या उन्हात टर्पेंटाइन भराभर उडते आणि बोर्डावर थेट ऊन पडले तर रंग आहेत त्यापेक्षा उजळ भासतात, मग घरी आल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. बोर्ड आणि पॅलेट दोन्ही सावलीत राहतील असे बसावे. घाण्यावरून आणलेले खाण्याचे जवस तेल रंगात मिसळू नये. ते चित्रकामासाठी शुद्ध केलेले नसते आणि पिवळे पडते. जवस तेल लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकणे तर धोक्याचे आहे, कारण तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. मे महिन्यात, गोठ्यात कडबा भरलेला असताना, हा धोका फार गंभीर आहे. चिंध्या दोरीवर पसरून मोकळ्या हवेत वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. वापरलेले टर्पेंटाइन विहिरीजवळ किंवा नालीत ओतू नये. डब्यात गाळ खाली बसू द्यावा आणि वरचे स्वच्छ पुन्हा वापरावे.

मोबाइल आणि वही

मोबाइलवर फोटो जरूर घ्यावा, परंतु तो आकार आठवण्यापुरता वापरावा. प्रखर उन्हात कॅमेरा सावल्या काळ्या करून टाकतो किंवा आभाळ पांढरे करतो, आणि ज्या छटांसाठी आपण तिथे गेलो त्याच त्यातून निघून जातात. फोटोबरोबर वहीत रंगांच्या नोंदी असतील तरच त्यावरून घरी चित्र करावे.

प्रत्येक बोर्डाच्या मागे तारीख, वेळ, जागा आणि हवा कशी होती ते लिहावे. एकाच जागेची चार-पाच बोर्डे वाळली की ती घरातल्या सावलीत एका ओळीत लावून लांबून पाहावीत. ज्या दोन बोर्डांच्या वेळा वेगळ्या असूनही रंग सारखेच आले आहेत, तिथे डोळ्याने न पाहता हाताने सवयीने काम केले आहे असे समजावे आणि त्या वेळी पुन्हा जाऊन, पुठ्ठ्याच्या भोकातून सावल्या नव्याने तपासाव्यात. ज्या बोर्डावरून नुसत्या रंगांवरून दिवसाची वेळ ओळखता येते, त्याच वेळेला, त्याच जागी, पुढच्या स्वच्छ दिवशी मोठा कॅनव्हास घेऊन जावे.